नव्या संगणकात ग्राफिक्स कार्ड ‘दिसत’ नाही? आधी क्रमाने तपासा, मग दुकान गाठा

प्रतिनिधी, हडपसर

सुटे भाग आणून संगणक जुळवण्याची हौस पुण्याला नवी नाही. पूर्वी ‘असेंबल्ड’ संगणक ब्रँडेडपेक्षा स्वस्त पडतो म्हणून घेतला जाई. आता तो बहुधा ग्राफिक्स कार्डासाठी जुळवला जातो. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून उभारलेल्या मगरपट्टा सिटीपासून अमानोरा, ससाणेनगर, फुरसुंगी आणि मांजरीपर्यंत पसरलेल्या हडपसर परिसरात माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदार आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. कुणाला गेम खेळायचे असतात, कुणाला ॲनिमेशन किंवा व्हिडिओ संपादन करायचे असते, तर कुणाला कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग. अशा यंत्रातला सर्वांत महाग भाग बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच असतो. सगळी जुळणी पार पडून बटण दाबावे आणि नेमके तेच कार्ड संगणकाला दिसू नये, यासारखा विरस नाही.

अशा वेळी दोन गोष्टी हमखास घडतात. एक तर कार्डच खराब निघाले, असे गृहीत धरून ते खोक्यात भरले जाते आणि दुकानात ते व्यवस्थित चालते. नाही तर घाईघाईने एसएमपीएस, केबल, विंडोज असे सगळे एकदम बदलले जाते आणि दोष कशात होता, हे कधीच कळत नाही. नव्या जुळणीत कार्ड न दिसण्याची बरीचशी कारणे एक पैसाही खर्च न करता दूर होण्याजोगी असतात. उलट कार्ड खरोखरच सदोष असेल, तर ते थेट बदलून मिळण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि ती प्रयोगांत घालवणे परवडत नाही. म्हणून तपासणीला क्रम हवा. सोप्याकडून अवघडाकडे जावे, बिनखर्चाचे उपाय आधी करावेत आणि एका वेळी एकच बदल करावा. हे पथ्य पाळले, तर एका संध्याकाळी बहुतेक वेळा निदान होते.

‘दिसत नाही’ म्हणजे नेमके काय?

तक्रार एकच असली तरी तिचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

पहिला प्रकार म्हणजे ‘डिस्प्ले येत नाही’. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. दुसऱ्या प्रकारात मदरबोर्डच्या पोर्टवरून चित्र येते, विंडोज सुरू होते, पण डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत नव्या कार्डाचा पत्ता नसतो. तिसऱ्या प्रकारात कार्ड यादीत असते, पण ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ या सर्वसाधारण नावाने किंवा पिवळ्या त्रिकोणासह. पहिल्या दोन प्रकारांत दोष बहुधा जोडणी, वीज किंवा बायॉसमध्ये असतो. तिसऱ्यात कार्ड संगणकाला दिसलेले असते, अडते ते ड्रायव्हरपाशी. तिसऱ्या प्रकारासाठी कॅबिनेट उघडण्याची घाई करू नये.

संगणक कार्ड ओळखतो कसा?

ही प्रक्रिया समजली की दोष शोधणे सोपे जाते. १९९७ पासून काही वर्षे ग्राफिक्स कार्डासाठी ‘एजीपी’ नावाचा स्वतंत्र स्लॉट असे. २००३ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस हे मानक आले आणि पुढे एजीपी मागे पडले. आज बाजारात मिळणारे प्रत्येक सुटे ग्राफिक्स कार्ड याच पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसते. मानकाच्या आवृत्त्या बदलल्या, तरी नवे कार्ड जुन्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये आणि जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये सहसा चालते. वेग तेवढा कमी असलेल्या बाजूचा मिळतो.

बटण दाबल्यावर कार्डाला आधी वीज मिळते. मग कार्ड आणि मदरबोर्ड आपसांत किती मार्गिकांनी आणि कोणत्या वेगाने बोलायचे, हे ठरवतात. त्यानंतर बायॉस प्रत्येक स्लॉटला ‘कोण आहे?’ असे विचारतो आणि कार्ड आपल्या उत्पादकाचा क्रमांक सांगते. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई आहे, एएमडीचा १००२. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला. १९७८ मध्ये आलेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही तेच होते. ओळख पटली की कार्डावरील छोटा प्रोग्रॅम पडद्यावर पहिले चित्र आणतो आणि शेवटी विंडोजमधील ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो.

वीज, स्लॉट, बायॉस, विंडोज आणि ड्रायव्हर अशी ही पाच कड्यांची साखळी आहे. कोणत्या कडीपर्यंत गाडी पोचली, एवढे कळले तरी अर्धे काम झाले.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

संगणक बंद करून पॉवर केबल भिंतीच्या सॉकेटमधून काढावी. नंतर कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. कार्ड नेहमी कडेने धरावे, सोनेरी पट्ट्यांना बोटे लावू नयेत.

संगणक चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यास झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते कमकुवत आहे, असे समजावे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावण्याची सवय याला अनेकदा कारणीभूत असते. हा प्रश्न आधी इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्यावा. महागडे कार्ड अशा सॉकेटवर चालवणे शहाणपणाचे नाही.

पहिली पायरी : केबल आणि मॉनिटर

सर्वांत साधी चूक येथेच होते. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली जाते, कार्डाच्या नव्हे. कॅबिनेटच्या मागे उभ्या ओळीत, यूएसबी पोर्टच्या शेजारी असलेले एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डचे असते. त्याखाली आडव्या पट्टीवर असलेली पोर्ट कार्डाची. केबल कार्डालाच लावायची असते.

यात एक मेख आहे. अनेक मदरबोर्ड स्लॉटमध्ये कार्ड सापडताच प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टवर पडदा काळा राहतो आणि मालकाला वाटते, संगणकच बंद पडला. खरे तर कार्ड ओळखले गेल्याचीच ती खूण असू शकते. केबल कार्डाला लावताच चित्र येते.

प्रोसेसरला अंगभूत ग्राफिक्स आहे की नाही, हेही पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, उदाहरणार्थ कोअर आय५ १२४००एफ, त्यांत ते नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, पण ५६००जी मध्ये आहे. २०२२ पासून आलेल्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरमध्ये साधे ग्राफिक्स आहे. ७५००एफ सारखे ‘एफ’ अक्षराचे त्याला अपवाद. अंगभूत ग्राफिक्स नसलेल्या यंत्रात मदरबोर्डच्या पोर्टवरून चित्र कधीच येणार नाही. ते येत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

मॉनिटरचा ‘इनपुट सोर्स’ योग्य आहे का, हे बघावे. एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल आणि कार्डाचे दुसरे पोर्ट वापरून पाहावे. नव्या कार्डांच्या पोर्टमध्ये आणि काहींच्या सोनेरी पट्ट्यांवर प्लॅस्टिकची संरक्षक टोपणे असतात. ती काढायची राहून जातात.

डीडीआर५ रॅम असलेल्या नव्या यंत्रांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड रॅमची चाचणी घेऊन वेग जुळवतो आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. तोपर्यंत पडदा काळाच असतो. या काळात पुन्हा पुन्हा बटण दाबून वीज तोडली, तर ती प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते. दहा मिनिटे थांबून मगच निष्कर्ष काढावा.

दुसरी पायरी : स्लॉटमधील बैठक

कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसले नसेल, तरीही त्यावरचे दिवे लागू शकतात. वीज वेगळ्या केबलने मिळत असते, फक्त संवादाच्या पट्ट्या टेकलेल्या नसतात. म्हणून कार्ड एकदा काढून पुन्हा बसवावे. स्लॉटच्या टोकाची खिटी आधी उघडावी, कार्ड सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा आणि खिटी ‘कट’ असा आवाज करून बंद झाल्याची खात्री करावी. कार्डाची धातूची पट्टी कॅबिनेटच्या कडेला अडकली, तर मागची बाजू वर उचललेली राहते. अशा वेळी कार्ड बसल्यासारखे दिसते, पण बसलेले नसते. स्क्रू शेवटी आवळावा. आधी आवळल्यास कार्ड तिरके ओढले जाते. वजनदार कार्ड खाली झुकत असेल, तर त्याला आधाराची दांडी द्यावी.

स्लॉट वरचाच वापरावा. प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा लांब स्लॉट १६ मार्गिकांनी थेट प्रोसेसरशी जोडलेला असतो. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला, तरी त्याला बहुधा चारच मार्गिका असतात. काही मदरबोर्डवर एम.२ एसएसडी बसवताच तो बंदही होतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत याचा तक्ता असतो.

निदानासाठी मात्र खालच्या स्लॉटचा उपयोग करून घ्यावा. कार्ड वरच्या स्लॉटमध्ये दिसत नाही, पण खालच्यात दिसते, तर कार्ड निर्दोष आहे. दोष वरच्या स्लॉटमध्ये किंवा प्रोसेसरच्या बैठकीत आहे. सॉकेटमधील एखादी पिन वाकली किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला, तर प्रोसेसर चालतो, रॅमही दिसते, पण ग्राफिक्सच्या मार्गिका तुटतात. घरगुती जुळणीत हे घडते आणि दोष कार्डाच्या माथी मारला जातो.

कार्ड उभे बसवण्यासाठी लवचीक रायझर केबल वापरली असेल, तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून पाहावे. तिसऱ्या पिढीच्या मानकासाठी बनवलेली केबल चौथ्या पिढीच्या वेगाला टिकत नाही. थेट लावल्यावर कार्ड चालले, तर केबल बदलावी किंवा बायॉसमध्ये स्लॉटचा वेग ‘जेन ३’ वर ठेवावा.

सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसण्याचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जुन्या, हाताळलेल्या कार्डाला तो लागू पडतो. मात्र खोडरबर मऊ आणि पांढरे असावे, घासणे हलके असावे आणि कण ब्रशने नीट झाडावेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ कापड त्याहून बरे. नव्याकोऱ्या कार्डाला याची गरज पडू नये.

तिसरी पायरी : वीज

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्यापुढची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या केबलने द्यावी लागते. ६ पिनांच्या जोडाची मर्यादा ७५ वॅट, ८ पिनांची १५० वॅट आणि २०२२ पासून आलेल्या १६ पिनांच्या जोडाची ६०० वॅटपर्यंत आहे. जीटीएक्स १६५० सारखी काही कार्डे निव्वळ स्लॉटच्या विजेवर चालतात. पण कार्डावर जोड दिलेला असेल, तर तो रिकामा ठेवून चालणार नाही. काही कार्डे अशा वेळी केबल लावण्याची सूचना पडद्यावर देतात, काहींवर लाल दिवा लागतो आणि काही गप्प बसतात.

येथे होणारी चूक महागात पडते. प्रोसेसरसाठीची ८ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल साधारण सारखी दिसते, पण त्यांची विद्युत जोडणी उलटसुलट आहे. प्रोसेसरची केबल ४ अधिक ४ अशी दुभंगते, कार्डाची ६ अधिक २ अशी. पिनांचे आकार वेगळे ठेवलेले असल्याने चुकीची केबल सहज आत जात नाही; ती जोर लावून बसवू नये. सुट्या केबलच्या, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएसमध्ये दुसऱ्या कंपनीची केबल कधीही वापरू नये. कार्डाकडचे टोक सारखे असले, तरी एसएमपीएसकडच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. अशा उसन्या केबलने नवे कार्ड क्षणात जळू शकते आणि ते वॉरंटीतही बसत नाही.

१६ पिनांचा जोड पूर्ण आत गेला आहे का, हे बारकाईने पाहावे. अर्धवट बसलेला जोड तापून वितळल्याच्या तक्रारी जगभर आल्यानंतर २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात जोड नीट बसला नसेल, तर वीजपुरवठा सुरू होऊ नये अशी योजना आहे. त्यामुळे कार्ड ‘मेले’ असे वाटते, प्रत्यक्षात जोड अर्धा मिलिमीटर बाहेर असतो.

एसएमपीएस पुरेसा आहे का, हेही तपासावे. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट घेते आणि त्यासाठी उत्पादकाची शिफारस ५५० वॅटच्या एसएमपीएसची आहे. २०० वॅटच्या आरटीएक्स ४०७० साठी ६५० वॅटची. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवरील आकड्यावर विसंबू नये. कार्यालयातून निवृत्त झालेल्या जुन्या संगणकात कार्ड बसवणाऱ्यांनी तर हे आधी पाहावे, कारण त्यात अनेकदा कार्डाची केबलच नसते. घरचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएसही येथे अपुरा पडतो. तो साधारण ३६० वॅटच पेलतो, त्यामुळे कार्डावर भार येताच संगणक बंद पडतो. चाचणीपुरता संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला लावावा.

एक गैरसमजही दूर करावा. कार्डाचे पंखे फिरत नाहीत म्हणून ते बंद आहे, असे नाही. आजची अनेक कार्डे थंड असताना पंखे थांबवूनच ठेवतात. सुरू होताना क्षणभर पंखा हलला, तर वीज पोचते आहे.

चौथी पायरी : बायॉस

मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतील, तर मोठी सोय होते. व्हीजीएचा दिवा लागून राहिला, तर अडचण ग्राफिक्सपाशी आहे. डीरॅमचा दिवा लागला असेल, तर कार्डाला दोष न देता रॅम काढून पुन्हा बसवावी. जुन्या यंत्रांत हेच काम स्पीकर करतो. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्या म्हणजे ग्राफिक्सचा दोष.

मदरबोर्डवरून चित्र येत असेल, तर सुरू होताना डिलीट कळ दाबून बायॉसमध्ये जावे. ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘इनिशियल डिस्प्ले आउटपुट’ या पर्यायात अंगभूत ग्राफिक्सऐवजी पीसीआय एक्स्प्रेस किंवा ‘पीईजी’ निवडावे. त्याच ठिकाणी स्लॉटमध्ये काय सापडले, याची यादीही अनेक मदरबोर्ड दाखवतात. या यादीत कार्ड असेल, तर पहिल्या तीन कड्या शाबूत आहेत आणि शोध विंडोजकडे वळवावा.

जुने कार्ड नव्या मदरबोर्डवर लावणाऱ्यांना ‘सीएसएम’ हा शब्द माहीत असावा. यूईएफआय पद्धत रुळण्यापूर्वीच्या कार्डांना पहिले चित्र दाखवण्यासाठी सीएसएम ही जुनी व्यवस्था चालू लागते. नव्या मदरबोर्डवर ती बंद असते किंवा नसतेच. अशा वेळी कार्ड निर्दोष असूनही बायॉसचे चित्र येत नाही. उलट इंटेलच्या २०२२ पासून आलेल्या आर्क कार्डांसाठी सीएसएम बंद आणि ‘रीसायझेबल बार’ चालू असणे आवश्यक आहे.

एवढ्याने भागले नाही, तर बायॉस मूळ स्थितीत आणावा. वीज तोडून मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवला की सेटिंग पुसली जातात. त्यानंतर मदरबोर्ड कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून बायॉसची नवी आवृत्ती घ्यावी. बायॉस अद्ययावत होत असताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार परंपरेने गुरुवार. त्या दिवशी हे काम काढू नये, किंवा यूपीएसवर करावे.

पाचवी पायरी : विंडोज आणि ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसत असेल, तर त्यावर डबल क्लिक करून ‘डिटेल्स’मधील ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. तेथे १०डीई किंवा १००२ दिसले, तर विंडोजपर्यंत कार्डाचे नाव पोचले आहे. फक्त ड्रायव्हर नाही. इंटरनेट जोडलेले असल्यास विंडोज अपडेट तो स्वतःहून आणते. त्याला थोडा वेळ द्यावा. अन्यथा एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एकाच ठिकाणी’ देणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमपासून दूर राहावे.

पिवळ्या त्रिकोणासोबत येणारा क्रमांकही बोलका असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड १२ म्हणजे कार्डाला हवी ती जागा मिळाली नाही. बायॉसमधील ‘अबव्ह फोर जी डिकोडिंग’ चालू करून पाहावे. कोड ४३ म्हणजे कार्डाने स्वतःच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले. जुन्या यंत्रातील हार्ड डिस्क किंवा एसएसडी जशीच्या तशी नव्यात लावली असेल, तर मागील कार्डाचे ड्रायव्हर नव्याला अडथळा करतात. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हा मोफत प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये चालवून जुने अवशेष काढावेत आणि ड्रायव्हर नव्याने टाकावा.

लिनक्स वापरणाऱ्यांनी टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. यादीत कार्ड असूनही ते चालत नसेल आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर अडवला गेल्याची शक्यता मोठी.

कार्ड चालू झाल्यावर ‘जीपीयू-झी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये मार्गिकांचा आकडा पाहावा. १६ ऐवजी ८ दिसले की अनेकांना शंका येते. आरटीएक्स ४०६० ची रचनाच ८ मार्गिकांची आहे, आरएक्स ६५०० एक्सटीची चारची. १६ मार्गिकांच्या कार्डाला एकच मार्गिका मिळत असेल, तर मात्र दुसऱ्या पायरीकडे परतावे.

सहावी पायरी : अदलाबदल

एवढे करूनही कार्ड दिसत नसेल, तर निर्णायक कसोटी एकच. आपले कार्ड ओळखीच्या चालू संगणकात लावावे आणि त्या संगणकाचे कार्ड आपल्या यंत्रात. सोसायटीत, वसतिगृहात किंवा कार्यालयात असा एखादा मित्र निघतोच.

आपले कार्ड तिकडे चालले आणि त्यांचे इकडे चालले नाही, तर दोष आपल्या मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसमध्ये. आपले तिकडेही चालले नाही आणि त्यांचे इकडे चालले, तर कार्ड सदोष. पुढचा प्रयोग न करता बिल शोधावे. दोन्ही कार्डे दोन्हीकडे चालली, तर दोष जोडणीचा होता आणि काढघालीत तो दूर झाला. दोन्ही कार्डे आपल्या यंत्रात चालत नाहीत आणि आपले तिकडेही बंद, तर सावध व्हावे. आपल्या एसएमपीएसने किंवा केबलने कार्डाला इजा केली असण्याची शक्यता आहे. तिसरे कार्ड तेथे लावू नये.

जुने कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे ‘मायनिंग’ करणे संपले. त्यासाठी राबवलेली असंख्य कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात आली. आरएक्स ५७० आणि ५८० यांसारख्या अनेक कार्डांचा बायॉस मायनिंगसाठी बदललेला असतो. असे कार्ड पडद्यावर चित्र देते, पण अधिकृत ड्रायव्हर त्याला नाकारतो. मूळ बायॉस परत टाकल्यास ते सुधारू शकते. जुन्या चिपवर नव्या मॉडेलचे नाव चढवलेली बनावट कार्डेही फिरतात. जीपीयू-झीने २०१८ पासून अशी एनव्हिडियाच्या नावाची कार्डे ओळखण्याची सोय केली. व्यवहार करताना कार्ड समोर लावून, ड्रायव्हर टाकून आणि काही वेळ भार देऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बिल, मुदत आणि हक्क

सुटे भाग पुण्यातल्या पेठांमधून घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. थेट बदलून मिळण्याची मुदत विक्रेत्याने ठरवलेली असते आणि ती दिवसांत मोजली जाते. कंपनीची वॉरंटी वर्षांत मोजली जाते, पण तिच्यात दुरुस्तीला आठवडे जाऊ शकतात. म्हणून सगळे भाग एकदम घ्यावेत आणि आल्याबरोबर जुळवावेत. मोबदल्याचा हप्ता येईल तसा एकेक भाग घेऊन तीन महिन्यांनी जुळणी केली, तर पहिल्या भागाची बदलीची मुदत कधीच उलटलेली असते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या कार्डाला येथे वॉरंटी मिळेलच असे नाही. ते आधी कंपनीकडे विचारावे.

खोके उघडतानाचे, अनुक्रमांकाचे आणि दोषाचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे. दुकानात केवळ कार्ड घेऊन न जाता कोणत्या पायऱ्या तपासल्या, अदलाबदलीत काय दिसले, हे कागदावर लिहून न्यावे. ‘आमच्याकडे चालते’ या उत्तराला तेच खरे उत्तर असते. कार्ड त्यांच्या यंत्रावर आपल्यासमोर लावण्याचा आग्रह धरावा.

तरीही दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मदतीला आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्यात ऑनलाइन विक्रीचाही समावेश आहे आणि ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये याच पुण्यात सुरू केली होती. तिचा पहिला धडा आजही तोच आहे : बिल जपून ठेवा.

थोडक्यात क्रम

१. केबल कार्डाच्या पोर्टला; मॉनिटरचा इनपुट बरोबर; पहिल्या वेळी दहा मिनिटे प्रतीक्षा.

२. वीज तोडून कार्ड पुन्हा बसवणे. खिटी बंद झाल्याची खात्री. रायझर काढून चाचणी. खालच्या स्लॉटमध्ये चाचणी.

३. एसएमपीएसची स्वतःचीच ६ अधिक २ पिनांची किंवा १६ पिनांची केबल, पूर्ण आत, वॅट पुरेसे, चाचणीपुरता छोटा यूपीएस बाजूला.

४. मदरबोर्डवरील दिवे, बायॉसमधील प्रायमरी डिस्प्ले, सीएसएम, सेल काढून सेटिंग पुसणे, नवी बायॉस आवृत्ती.

५. हार्डवेअर आयडी, अधिकृत ड्रायव्हर, त्रिकोणाचा कोड, जुन्या ड्रायव्हरची सफाई.

६. दुसऱ्या संगणकाशी अदलाबदल. कार्ड सदोष ठरले, तर त्याच दिवशी विक्रेत्याकडे लेखी तक्रार.